डर्ट बाइकचं मागचं चाक डुगडुगतंय? शॉकअप बदलण्याआधी हे तपासा

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या बाजूने गॅरेजला येणाऱ्या एक्सपल्स, हिमालयन आणि तसल्या उंच गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते: "भाऊ, मागून ढिली वाटते." पाठोपाठ मालकाने स्वतःच काढलेलं निदान येतं, शॉकअप गेला. बहुतेक वेळा शॉकअप शाबूत असतो. ढिलेपणा असतो तो त्याच्या आजूबाजूच्या एखाद्या बेअरिंगमध्ये, कॉलरमध्ये (बोल्टवर बसणाऱ्या नळीत) नाहीतर चिमट्याच्या बुशमध्ये (जोडातल्या अस्तराच्या नळीत). हे भाग शॉकअपच्या मानाने फार स्वस्त आहेत. तरी लोक आधी शॉकअपवर पैसे घालतात, महिनाभराने तोच खटका परत ऐकू येतो आणि मग गाडीलाच नावं ठेवतात. कुठला जोड हलतोय हे हाताला कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

(स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक फ्रेमला जोडणाऱ्या हलत्या दांड्याला, आमच्याकडे चिमटा म्हणतात, पुढेही तोच शब्द वापरतो.)

लक्षणं

ढिलेपणा आडवा आहे की उभा, हे आधी ठरवा. दोन्हींची कारणं वेगळी असतात.

आडवा असेल तर गाडी वळणात झुकवली की मागचा भाग किंचित उशिरा मागोमाग येतो. चोर्ला घाटात डावं-उजवं वळण लागोपाठ आलं की हे पटकन जाणवतं. थ्रॉटल सोडला-दिला की शेपूट एका बाजूला सरकल्यासारखं वाटतं. काही गाड्यांत चेन स्प्रॉकेटच्या एकाच बाजूला घासलेली दिसते.

उभा असेल तर स्पीडब्रेकर उतरताना किंवा खड्ड्यातून बाहेर पडताना सीटखाली "टक्क" असा एकच आवाज येतो. गाडी उभी असताना मागचं कॅरिअर धरून वर ओढलं, तर वजन हाताला लागण्याआधी एक छोटा रिकामा खटका बसतो.

तिसरं लक्षण लोक याच्यातच मिसळतात. खड्ड्यानंतर मागची बाजू दोन-तीन वेळा झुलत राहते आणि शॉकअपच्या रॉडवर तेलाचा ओला थर दिसतो. हा ढिलेपणा नव्हे. डॅम्पिंग (झुलणं थोपवायची ताकद) गेलं आहे आणि इथे दोष खरोखर शॉकअपचा आहे. तुमचं लक्षण फक्त एवढंच असेल तर मधल्या तपासण्या सोडा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

आपल्याकडे हे इतकं का होतं

गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मागच्या चाकाने उडवलेला चिखल थेट लिंकेजवर, म्हणजे चिमटा आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या दांड्यांवर जाऊन बसतो, कारण लिंकेज गाडीच्या पोटाखाली, चाकाच्या समोरच असतं. त्यात आपली जांभ्याची माती आणि खाणपट्ट्यातली लोहखनिजाची बारीक धूळ. ही धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीस वंगणाचं काम सोडतं आणि पॉलिश पेपरचं काम सुरू करतं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांना वर खारी हवा. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाइप लिंकेजच्या सीलवर रोखून धरला की पाणी आत जातं आणि उरलंसुरलं ग्रीसही धुतलं जातं. गाडी बाहेरून चकचकीत दिसते आणि आत नीडल बेअरिंग (सुईसारख्या बारीक रोलरचं) गंजत असतं.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी टायरच्या हवेची. चिखलात पकड मिळावी म्हणून हवा कमी केली आणि तशीच डांबरावर चालवली, तर गाडी मागून नक्की लडबडते. हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा, एक फेरी मारा. तक्रार गेली तर प्रश्न मिटला.

कॅरिअर, सायलेन्सरचे ब्रॅकेट, नंबर प्लेट, मागचा ब्रेक कॅलिपर हे सगळं हाताने हलवून पाहा. बाहेरून बसवलेल्या कॅरिअरचा एखादा बोल्ट सैल असला तर त्याचा आवाज हुबेहूब लिंकेजसारखा येतो. चेन फार सैल असेल तर ती चिमट्यावर आपटते, पण तो आवाज "तडतड" असा सलग येतो, एकच टोला नसतो. चेन किती सैल हवी ते मॅन्युअलमध्ये आणि बऱ्याच गाड्यांत चिमट्यावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

एकदा पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकला. हँडलच्या मानेत खटका जाणवला तर कोनसेट (मानेतली बेअरिंगं) ढिला आहे. कोनसेट ढिला असला की अख्खी गाडीच हलते आणि चालवणाऱ्याला दोष मागे असल्याचा भास होतो.

यानंतर एक्सलचा नट. पाना लावून बघा. सैल नट घट्ट केला की काम संपलं असं समजू नका. वॉशर जिथे चिमट्यावर बसतो तिथे धातू चकाकतोय का, घासल्याच्या खुणा आहेत का, ते पाहा. खुणा असतील तर एक्सल बराच काळ हलत होता आणि चाकाची बेअरिंगं तपासणं आता ऐच्छिक राहिलेलं नाही.

स्पोक असलेल्या चाकात छोट्या पान्याने प्रत्येक स्पोकवर टिचकी मारत जा. ताणलेला स्पोक "टिंग" वाजतो, सैल असलेला "थड" करतो. एक-दोन सैल असतील तर स्पोकच्या पान्याने पाव फेऱ्यापेक्षा जास्त न फिरवता थोडे थोडे घट्ट करा. पाच-सहा लागोपाठ सैल निघाले किंवा चाक फिरवताना रिम बाजूला पळत असेल, तर हे काम रिम सरळ करणाऱ्याकडे द्या. एकाच बाजूचे स्पोक ओढले की रिम वाकडी होते आणि ती परत सरळ करायला दुप्पट वेळ लागतो.

चाक हवेत उचलून

इथून पुढे गाडी अशी उभी करायची की मागचं चाक जमिनीपासून सुटलं पाहिजे आणि चिमटा मोकळा लोंबला पाहिजे. पॅडॉक स्टँड चालत नाही, कारण तो चिमट्यालाच खालून उचलतो. मग लिंकेजवर वजन पडतं आणि ढिलेपणा लपतो. बरेच जण इथेच फसतात आणि "काहीच हलत नाही" असं सांगतात. सेंटर स्टँड असेल तर उत्तम. नसेल तर फ्रेमच्या खालच्या नळ्यांना आधार मिळेल असा भक्कम लाकडी ठोकळा किंवा बिअरचा प्लास्टिकचा क्रेट वापरा आणि पुढचा ब्रेक रबर बँडने दाबून ठेवा. पातळ पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या स्किड प्लेटवर सगळं वजन टाकू नका. मदतीला घरातलं कुणीतरी घ्या, ही तपासणी दोन माणसांची आहे.

आधी आडवी तपासणी. एक हात चाकाच्या वरच्या टोकाला आणि दुसरा खालच्या, घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी. एक हात ढकला, दुसरा ओढा. मग तीन आणि नऊच्या जागी धरून तेच करा. खटका लागला तर मदतनिसाला चिमट्याच्या टोकाकडे बघायला सांगा. चाक हलतं आणि चिमटा जागचा हलत नाही, तर चाकाची बेअरिंगं गेली. चाक आणि चिमटा दोघेही एकत्र हलतात आणि फ्रेम स्थिर आहे, तर दोष चिमट्याच्या पिव्हटमध्ये (चिमटा फ्रेमला धरून जिथे फिरतो त्या जोडात). शंका असेल तर मदतनिसाला मागचा डिस्क ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटका बराचसा गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर पिव्हट.

या दिशेला जाणवेल इतका खटका मी चालवून घेत नाही. पिव्हटपासून एक्सल साधारण अर्धा मीटर दूर असतो, आणि पिव्हटचे दोन बुश त्यामानाने एकमेकांच्या जवळ. बुशमधली केसाएवढी फट टायरपाशी चांगली दिसण्याइतकी मोठी होते आणि वेगात गाडीला नागमोडी करते.

चाकाची बेअरिंगं निघाली तर घाबरू नका. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, ६२०२ किंवा ६२०३ अशा धाटणीचा, आणि तोच नंबर बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतो. नंबरापुढे २आरएस लिहिलेलं घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असतं. आपल्या पावसात एका बाजूने उघडं बेअरिंग टिकत नाही. स्प्रॉकेट बाजूला ज्या गाड्यांत वेगळा कॅरिअर (सामानाचा नव्हे, स्प्रॉकेट ज्यावर बसतो तो तुकडा) आणि हबातले रबर असतात, तिथे स्प्रॉकेट धरून आडवा हलवा. तो चाकापासून वेगळा डुगडुगला तर कॅरिअरचं बेअरिंग बघा.

उभी तपासणी: लिंकेज

उभ्या खटक्याच्या गाड्यांत दोष बहुधा इथेच सापडतो, म्हणून हा भाग घाईने करू नका.

गाडी तशीच हवेत. चाकाच्या खालून दोन्ही हात घालून ते हळूच वर उचला, फक्त वजन घेण्यापुरतं, शॉकअप दाबायचा नाही. शॉकअप दबायला सुरुवात होण्याआधी चाक रिकामं वर येतं का? टायरच्या कडेला मिलिमीटर-दोन मिलिमीटरची अगदी मऊ हालचाल बऱ्याच चांगल्या लिंकेजमध्येही असते. पण "टक्क" ऐकू आलं किंवा मागच्या वेळेपेक्षा हालचाल वाढली असली, तर पुढे जा.

टायरपाशी दिसणारी हालचाल कुठल्याही एका जोडातल्या फटीपेक्षा मोठी असते. एक्सपल्स २०० चं उदाहरण घ्या. तिच्या मागच्या चाकाची हालचाल १७० मिलिमीटर आहे, पण तेवढ्यात शॉकअप स्वतः त्याच्या अर्ध्याहूनही कमी दबतो. मधलं अंतर चिमटा आणि लिंकेजचे दांडे भागवतात. त्यामुळे शॉकअपच्या खालच्या डोळ्यात (टोकाला बोल्ट जातो त्या भोकात) अर्धा मिलिमीटर फट असली तर चाकाला ती दुप्पट-तिप्पट होऊन दिसते. शिवाय लिंकेजमध्ये एकापुढे एक तीन-चार जोड असतात आणि प्रत्येकाची थोडी थोडी फट एकत्र जमा होते. म्हणून "खूप हलतंय" याचा अर्थ एकच जोड पूर्ण गेला असा नाही.

आता जोड शोधायचा. मदतनिसाला चाक हळूहळू वर-खाली करत राहायला सांगा. तुम्ही बोटाचं टोक एकेका जोडावर असं ठेवा की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. क्रम असा ठेवा: शॉकअपचा खालचा डोळा, मग रॉकर (लिंकेजचा झुलणारा तुकडा) आणि डॉगबोनचे (रॉकरला जोडलेल्या दांड्याचे) जोड, मग डॉगबोन फ्रेमला किंवा चिमट्याला जिथे बसतो ती जागा, सगळ्यात शेवटी शॉकअपचा वरचा डोळा. ज्या जोडात खटका आहे तिथे बोटाला दोन भाग एकमेकांवर सरकल्याचं स्पष्ट कळतं. डोळ्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. वरचा डोळा टाकीच्या आणि सीटच्या मागे दडलेला असतो. तो तपासायचा राहून जातो आणि नेमका कित्येकदा तोच निघतो.

केटीएम ३९० ॲडव्हेंचर किंवा पीडीएस (लिंकेजशिवाय चालणारा) शॉकअप असलेल्या केटीएमच्या एंड्युरो गाड्यांना लिंकेजच नाही, शॉकअप थेट चिमट्याला जोडलेला असतो. तिथे सगळा भार शॉकअपच्या दोन टोकांवर येतो, त्यामुळे तपासायचे जोड दोनच.

जोडाभोवती लाल भुगा दिसला की लोक लगेच "गंज" म्हणतात. आपल्याकडे माती पण लाल आहे. जोड रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडा करा, दोन-तीन दिवस कोरड्या रस्त्यावर गाडी चालवा आणि पुन्हा बघा. धूळ सगळीकडे सारखी बसते. गंजाचा भुगा मात्र फक्त सीलच्या कडेने बाहेर येतो, गडद तपकिरी असतो आणि बोटाला चिकटतो.

खोलून बघायचं असेल तर

पाने, सॉकेट आणि टॉर्क रेंच असेल तरच. आधी फोटो काढा. डॉगबोन कुठल्या बाजूने लागतो, बोल्ट डावीकडून घुसतो की उजवीकडून, हे नंतर आठवत नाही.

शॉकअपचा खालचा बोल्ट काढला की चिमटा मोकळा होतो. काढताना चाकाखाली लाकूड ठेवा, नाहीतर चिमटा धाडकन खाली येईल. आता चिमटा हाताने वर-खाली करा. तो एकसारखा, लोण्यात सुरी जाते तसा फिरला पाहिजे. मध्येच अडकला किंवा कच्-कच् वाजला तर पिव्हटची बेअरिंगं गंजली आहेत, मग आडवा खटका लागो वा न लागो.

मग लिंकेजचे बोल्ट. कॉलर बाहेर ओढताना खाली पांढरं कापड पसरा. काही गाड्यांतल्या नीडल सुट्या असतात आणि कॉलर निघाला की घरंगळतात. सगळ्या मोजून ठेवा. कॉलर पुसून त्यावरून नख फिरवा. नख अडलं म्हणजे नीडलनी कॉलरवर चर पाडले आहेत. अशा वेळी बेअरिंग, कॉलर आणि सील तिन्ही एकत्र बदला. चर पडलेल्या कॉलरवर नवं बेअरिंग बसवलं तर ते एका पावसाळ्यातच जुन्यासारखं होतं.

औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर कॉलर बनवून घेण्याचा मोह होतो. नीडल बेअरिंगसाठी हे करू नका. नीडलला कडक केलेला पृष्ठभाग लागतो, साध्या स्टीलच्या कॉलरवर ती काही आठवड्यांत चर पाडते. ज्या गाड्यांच्या चिमट्यात मुळातच साधा बुश असतो, तिथे गनमेटलचा बुश नीट मापात बनवला आणि ग्रीस देत राहिलात तर तो चांगला चालतो.

फक्त कोरडेपणा असेल, चर नसतील, तर जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन, सुकवून नवं भरा. पाण्यात न सुटणारं ग्रीस घ्या. मासेमारी जेट्यांच्या आसपास बोटीचं सामान विकणाऱ्या दुकानांत मरीन ग्रीस मिळतं, मी तेच वापरतो. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे गंज सोडवायला चांगला, पण ते ग्रीस नव्हे. स्प्रे मारून आवाज बंद झाला तर तो थोड्या दिवसांचाच. रोज मातीत जाणाऱ्या गाडीचं लिंकेज मेअखेरीस एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा, असं वर्षातून दोनदा ग्रीस झालं पाहिजे. ग्रीस निप्पल असेल तर काम सोपं, नसेल तर खोलावंच लागतं.

जोडताना प्रत्येक बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला. लिंकेजचा बोल्ट जास्त आवळला तर रॉकर जाम होतो, कमी आवळला तर कॉलर बोल्टवर फिरायला लागतो. दोन्ही प्रकारांत नवं बेअरिंग वाया.

जोडून झाल्यावर एक सोपं माप घ्या. एक्सलपासून सीटखाली केलेल्या खुणेपर्यंतचं अंतर, रायडर न बसता. एकदा शेपूट हळूच वर उचलून सोडल्यावर, एकदा खाली दाबून सोडल्यावर. दोन्ही मापं जवळपास सारखी यायला हवीत. चांगला फरक पडला तर काहीतरी अडकतंय, बहुधा जास्त आवळलेला बोल्ट. मग रायडर बसवून मोजा. चाक पूर्ण लोंबत असतानाच्या मापापेक्षा एकूण हालचालीच्या पाव ते एक-तृतीयांश खाली बसणं ठीक, म्हणजे १७० मिलिमीटरच्या गाडीत साधारण ४५ ते ५५. फार जास्त बसत असेल तर आधी प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) वाढवून पाहा. मऊ स्प्रिंगमुळेही मागचा भाग ढिला वाटतो आणि त्यात एकही बेअरिंग दोषी नसतं.

इथे थांबा

चिमट्याचा पिव्हट बोल्ट जाम असेल तर रात्रभर पेनिट्रंट (गंज सोडवणारं तेल) टाकून ठेवा, सकाळी बोल्टच्या टोकावर जुना नट लावून लाकडाच्या ठोकळ्यावरून हलके ठोके द्या. नाही हलला तर हात आखडता घ्या. काही गाड्यांत हा बोल्ट इंजिनच्या केसमधून जातो. घणाने ठोकून अॅल्युमिनियमला तडा गेला तर बेअरिंगचं काम इंजिनच्या कामात बदलतं.

चिमट्यातली आणि रॉकरमधली नीडल बेअरिंगं ठोकून बसवू नका. ती किती खोल बसवायची याचं माप ठरलेलं असतं आणि वाकडी गेली की पातळ कवच फाटतं. प्रेस असलेल्या माणसाकडे द्या.

शॉकअप घरी कधीही उघडू नका. रिझर्व्हॉयर (गॅसची वेगळी डबी) असलेल्या डर्ट शॉकअपमध्ये नायट्रोजन १० बारच्या आसपास दाबाने भरलेला असतो, टायरमध्ये असतो जेमतेम दोन बार. गॅस न सोडता झाकण सैल केलं तर ते बंदुकीसारखं सुटतं. तेल गळत असेल, रॉडवर ओरखडा असेल किंवा डॅम्पिंग गेलं असेल, तर ज्याच्याकडे नायट्रोजन भरायची सोय आहे अशा सस्पेन्शनवाल्याकडेच पाठवा. बाकी गॅरेजवाला "तेल बदलून देतो" म्हणाला तर आधी विचारा, गॅस कुठे भरणार?

आणि चिमट्यावर, पिव्हटजवळच्या फ्रेमवर किंवा शॉकअपच्या वरच्या ब्रॅकेटवर केसासारखी रेघ दिसली, रॉकेलने पुसूनही तीच रेघ परत उमटली, तर गाडी तिथेच ठेवा. फेरीबोटीपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टेम्पोत घाला. वेल्डिंग करायचं की चिमटा बदलायचा, हे फ्रेमचं काम जाणणाऱ्यानेच ठरवायचं.

मेकॅनिककडे गेलात तर "मागून ढिली आहे" एवढंच सांगू नका. आडवा खटका की उभा, ब्रेक दाबल्यावर राहतो की जातो, बोटाला कुठल्या जोडात लागला, हे सांगा. त्याचा अर्धा तास वाचतो आणि नको तो पार्ट बदलला जात नाही. काम झाल्यावर पहिली शंभरेक किलोमीटर चालवून सगळे बोल्ट एकदा टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या.